तीनरंगी चेंडूचा जमाखर्च

अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एबीए, ही व्यावसायिक लीग १९६७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९७६ च्या जूनमध्ये संपली. नऊ हंगाम, आणि तेवढ्यात हंगामी धरून सात कमिशनर. लाल-पांढरा-निळा चेंडू, तीन गुणांची बास्केट आणि हवेत तरंगत येऊन चेंडू रिंगमध्ये ठोकणारा ज्युलियस अर्विंग यांच्यामुळे ती लोकांच्या आठवणीत राहिली. धंदा म्हणून तिची गोष्ट निराळी आहे. ज्यांनी ही लीग काढली त्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या चालवायची नव्हती. जम बसलेल्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनला, एनबीएला, इतके सतवायचे की शेवटी तिने आपले संघ पदरात घ्यावेत, असा बेत होता. त्यामुळे तिकिटांच्या गल्ल्यावरून या लीगचा हिशेब लागत नाही. दारातून आत कोण गेले, बाहेर कोण राहिले आणि बाहेर राहणाऱ्याने काय वसूल केले, यावर तो लागतो.

फुटबॉलचे दार बंद झाले म्हणून

कल्पना डेनिस मर्फी यांची. कॅलिफोर्नियातल्या ब्युएना पार्क या गावाचे महापौरपद भूषवलेल्या या गृहस्थांना खरे तर फुटबॉलचा संघ हवा होता. अमेरिकन फुटबॉल लीग ही त्या खेळातली दुसरी, बंडखोर लीग. १९६६ मध्ये तिने मातब्बर नॅशनल फुटबॉल लीगशी विलीनीकरणाचा समझोता केला आणि नव्या मालकांची वाट बंद झाली. मर्फींनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. दुसरी लीग काढली, काही वर्षे कळ सोसली, की पहिली लीग दार उघडते, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडले होते. फुटबॉलमध्ये जागा नव्हती, पण बास्केटबॉलमध्ये होती. १९६६-६७ च्या हंगामात एनबीएत अवघे दहा संघ होते आणि नव्याने येऊ पाहणाऱ्या सिॲटल व सॅन डिएगोकडून तिने प्रत्येकी साडेसतरा लाख डॉलर घेतले होते. एबीएचा संघ याच्या कितीतरी कमी पैशांत मिळत होता. पुढे विलीनीकरण झाले तर एनबीएतली जागा स्वस्तात पडणार, हे गणित मालकांना पटवायला फार वेळ लागला नाही.

अकरा संघ गोळा झाले. पहिला सामना १३ ऑक्टोबर १९६७ ला ओकलंडमध्ये झाला आणि ओकलंड ओक्सने ॲनाहाइम अमिगोसला १३४-१२९ असे हरवले. कमिशनर म्हणून जॉर्ज मायकन यांना आणले होते. सहा फूट दहा इंच उंचीचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे मायकन हे १९५० च्या आसपासचे या खेळातले सर्वांत मोठे नाव. त्यांनी अट घातली की लीगचे कार्यालय मिनियापोलिसलाच हवे, कारण त्यांची ट्रॅव्हल एजन्सी तिथे होती. अट मान्य झाली. नाव विकत घ्यायचे तर नावाचे नखरेही घ्यावे लागतात.

चेंडूचे रंग मायकन यांचेच. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला तपकिरी चेंडू नीट दिसत नाही, टीव्हीवर तर नाहीच, असे त्यांचे म्हणणे होते. जुने प्रशिक्षक कुत्सितपणे म्हणत की हा चेंडू सर्कशीतल्या सीलच्या नाकावर शोभेल. मुलांना मात्र तो फार आवडला. क्रीडासाहित्याच्या दुकानांतून तसले चेंडू धडाधड खपले, पण त्या रंगसंगतीवर लीगचा कायदेशीर हक्क नव्हता. पैसे चेंडू बनवणाऱ्यांच्या खिशात गेले. लीगकडे जपून ठेवावा असा एकच जिन्नस होता आणि त्याचीच नोंदणी धड झाली नव्हती.

तीन गुणांची बास्केटही उसनी होती. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचे मालक एब सेपरस्टीन यांनी १९६१ मध्ये काढलेल्या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये ती आधी येऊन गेली होती. ती लीग १९६२ संपता संपता बुडाली. तिचा नियम तेवढा मागे उरला होता.

फळ्या निघालेले मैदान

टीव्हीचा मोठा राष्ट्रीय करार एबीएला कधीच मिळाला नाही. सीबीएस वाहिनीच्या क्रीडा विभागाचे माजी प्रमुख जॅक डॉल्फ यांना १९६९ मध्ये कमिशनर केले, ते त्याच आशेने. सीबीएसने मोजके सामने दाखवले, बात तिथेच संपली. उरला तो दारावरचा गल्ला, आणि गल्ल्यासाठी लागते चांगले सभागृह. चांगली सभागृहे बहुधा एनबीए, आइस हॉकी किंवा विद्यापीठांच्या हातात होती.

याचा सर्वांत केविलवाणा नमुना मार्च १९६८ मधला आहे. पहिल्या हंगामाअखेर न्यू जर्सी अमेरिकन्स आणि केंटकी कर्नल्स या दोघांचेही ३६ विजय आणि ४२ पराभव झाले, म्हणून बाद फेरीतल्या शेवटच्या जागेसाठी एक जादा सामना ठरला. न्यू जर्सीचे घर म्हणजे टीनेक गावातली आर्मरी, लष्करी कवायतीचा हॉल. त्या दिवशी तिथे सर्कस लागली होती. मालक आर्थर ब्राऊन यांनी धावपळ करून लाँग आयलंडवरचे कोमॅक अरीना मिळवले. ते आइस हॉकीचे ठिकाण होते. बर्फावर लाकडी फळ्या अंथरून मैदान तयार केले होते, पण खेळाडू सरावाला उतरले तेव्हा काही फळ्या जागेवर नव्हत्या, काही सैल होत्या, मधे फटी पडलेल्या, आणि खालच्या बर्फाचा ओलावा वर आलेला. चेंडू आपटला तरी तो उसळेलच याची खात्री नाही. केंटकीने खेळायला नकार दिला. मायकन यांनी नियमाप्रमाणे सामना २-० ने केंटकीला बहाल केला. गंमत अशी की ब्राऊन यांनी पुढच्या हंगामात संघ त्याच कोमॅकला नेला आणि त्याचे नाव ठेवले न्यूयॉर्क नेट्स.

ह्यूस्टनमध्ये तर मैदान होते, माणसे नव्हती. एप्रिल १९६९ मधल्या तिथल्या शेवटच्या सामन्याला ८९ प्रेक्षक आले, असे सांगतात. संघ नॉर्थ कॅरोलिनात गेला आणि तिथे एक नवीन युक्ती निघाली. एक शहर पुरत नसेल तर तीन शहरे घ्यायची. कॅरोलिना कूगर्स ग्रीन्सबरो, शार्लट आणि रॅली यांत आलटूनपालटून ‘घरचे’ सामने खेळू लागले. व्हर्जिनिया स्क्वायर्सने नॉरफोक, हॅम्प्टन, रिचमंड, रोनोक असा फेरा धरला. कागदावर बाजारपेठ चौपट झाली. प्रत्यक्षात चारही गावांत संघ पाहुणाच राहिला, आणि खेळाडू घरच्या सामन्यालाही बसमध्ये बसून जाऊ लागले.

प्रेक्षक ओढायला काय काय केले नाही! इंडियानापोलिसला मध्यंतरात गाई दोहण्याची शर्यत लागली. घोडदौडीसाठी प्रसिद्ध असलेल्या लुईव्हिलमध्ये कर्नल्सने पेनी ॲन अर्ली या महिला जॉकीशी करार केला. पुरुष जॉकी तिच्याबरोबर शर्यतीत उतरायला तयार नव्हते, त्यामुळे तिचे नाव गाजत होते. २७ नोव्हेंबर १९६८ ला ती मैदानाबाहेरून चेंडू आत फेकण्यापुरती खेळली आणि परत बाकावर बसली. मालक याला जाहिरात म्हणत, प्रशिक्षक कपाळाला हात लावत. पण इंडियाना आणि केंटकी ही दोन ठिकाणे अशी होती, जिथे लोक या खेळावर खरोखर जीव टाकत आणि एनबीएचा संघ नव्हता. एबीएचे जे थोडे पक्के चालले, ते इथे.

पगार मोठा, चेक लहान

एनबीएला खरा चिमटा बसला तो पगारांत. तोवर खेळाडूच्या करारात एक राखीव कलम असे. करार संपला तरी पुढच्या मोसमासाठी त्याच्यावर जुन्याच मालकाचा हक्क. दुसरा गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर भाव वाढणार कसा? एबीए हा दुसरा गिऱ्हाईक होता. एनबीएत सर्वाधिक गुण करणारा सॅन फ्रान्सिस्कोचा रिक बॅरी १९६७ मध्येच ओकलंडला गेला. तिथे त्याचे सासरे ब्रूस हेल प्रशिक्षक होते आणि गायक पॅट बून मालकांपैकी एक. जुना संघ कोर्टात गेला आणि राखीव कलमाच्या जोरावर बॅरीला वर्षभर घरी बसवले. पुढच्या वर्षी ओक्सने विजेतेपद मिळवले, आणि लगेच संघ विकला जाऊन वॉशिंग्टनला गेला. जिंकण्याने गल्ला भरत नाही, हे ओकलंडने दाखवले.

पैसे नसताना पगार वाढवायचे कसे? यावर न्यूयॉर्कचे एक हिशेबनीस राल्फ डॉल्गॉफ यांनी तोडगा काढला आणि तो डॉल्गॉफ प्लॅन म्हणूनच ओळखला गेला. खेळाडूला आज ठरावीक पगार द्यायचा. त्याशिवाय दरवर्षी एक बेताची रक्कम गुंतवणुकीत टाकायची. ती वाढत राहणार आणि खेळाडू निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी हप्त्याहप्त्याने त्याच्या हाती पडणार. हे भविष्यातले सगळे हप्ते आजच्या पगारात मिळवले की वर्तमानपत्राला द्यायला दांडगा आकडा तयार. स्पेन्सर हेवूडच्या डेन्व्हर रॉकेट्सशी झालेल्या कराराचा आकडा १९ लाख डॉलर असा छापून आला, आणि त्यातला मोठा वाटा याच जातीचा होता. हेवूड कॉलेजचे शिक्षण अर्धवट सोडून १९६९ मध्ये आला होता. एनबीएत शाळा सोडल्यावर चार वर्षे थांबण्याचा नियम होता, पण घरची परिस्थिती बेताची असल्यास सूट देण्याची पळवाट एबीएने काढली. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग कुणीतरी त्याला करार नीट वाचून दाखवला. तो डेन्व्हर सोडून एनबीएच्या सिॲटलकडे गेला, चार वर्षांच्या नियमाविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि १९७१ मध्ये तिथे त्याच्या बाजूने कौल लागला. एबीएने कोवळी पोरे उचलायला उघडलेली खिडकी आता एनबीएलाही उघडी झाली.

एका चेकची गोष्ट मात्र सगळ्यांच्या वर. १९६९ मध्ये ल्यू अल्सिंडॉर, पुढचा करीम अब्दुल-जब्बार, कॉलेजमधून बाहेर पडला. त्याने दोन्ही लीगना निरोप दिला: दोघांनी एकेकदाच बोली लावा, घासाघीस नको. एबीएने त्याला भुलवायला दहा लाख डॉलरचा बँकेने प्रमाणित केलेला चेक तयार ठेवला. मायकन त्याला भेटायला गेले, बोली सांगितली, आणि चेक खिशातच ठेवला. पुढच्या फेरीत काढू, असा हिशेब. पुढची फेरी झालीच नाही. अल्सिंडॉर एनबीएच्या मिलवॉकीकडे गेला. मायकन त्याच वर्षी पदावरून गेले.

तोटा कुणाला परवडतो

दरसाल तोटा होत असताना नवे मालक मिळत कसे होते, याचे उत्तर आयकराच्या कायद्यात आहे. कारखानदार यंत्रावर जसा घसारा लावतो, तसा संघमालक खेळाडूंच्या करारांवर लावू शके. संघ विकत घ्यायचा, किमतीचा बहुतेक भाग खेळाडूंचे करार म्हणून दाखवायचा, तो चार-पाच वर्षांत खर्ची टाकायचा आणि त्या कागदी तोट्याने आपल्या इतर धंद्यातल्या नफ्यावरचा कर वाचवायचा. घसारा संपला की संघ पुढच्याला विकायचा. त्याचा घसारा पुन्हा पहिल्यापासून. श्रीमंत डॉक्टर, बिल्डर, विमावाले या लीगमध्ये ये-जा करत राहिले, त्यामागे खेळाच्या आवडीइतकाच हा हिशेब होता. अमेरिकी काँग्रेसने १९७६ मध्ये या सवलतीला लगाम घातला, पण तोवर एबीएच संपत आली होती.

कर वाचला तरी रोकड लागतेच, आणि ती कमी पडली की खेळाडू विकले जात. व्हर्जिनिया स्क्वायर्सने हे सर्वांत सराईतपणे केले. १९७३ मध्ये अर्विंगला नेट्सकडे दिले. पुढल्या जानेवारीत जॉर्ज गर्विनला सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास सॅन अँटोनियोला विकले. कमिशनर माइक स्टोरेन यांनी सौदा अडवायचा प्रयत्न केला, कोर्टाने सॅन अँटोनियोची बाजू घेतली. सॅन अँटोनियो हा संघच मुळात भाड्याचा. अँजेलो ड्रॉसोस आणि मंडळींनी १९७३ मध्ये डॅलसचा संघ मुदतीने भाड्यावर आणला होता. चालला तर विकत घ्यायचा, नाहीतर परत. तो चालला. सॅन डिएगोने १९७३ मध्ये विल्ट चेंबरलेनला सहा लाख डॉलर देऊन आणले, तर लॉस एंजेलिस लेकर्सने कोर्टातून त्याच्या खेळण्यावर बंदी आणली. तो बाकावर बसून प्रशिक्षकाचे काम करत राहिला, तेही सुमारे ३,२०० खुर्च्यांच्या हॉलमध्ये.

समझोता खरे तर १९७१ मध्येच होत आला होता. आडवे आले खेळाडू. ऑस्कर रॉबर्टसन हा एनबीए खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष. त्याने एप्रिल १९७० मध्ये दावा लावला: दोन लीग एक झाल्या तर पुन्हा एकच गिऱ्हाईक उरेल, म्हणून विलीनीकरण थांबवा आणि राखीव कलमही तपासा. मालक मक्तेदारी कायद्यातून सूट मागायला काँग्रेसकडे गेले. सिनेटर सॅम अर्विन यांच्या समितीने सुनावण्या घेतल्या आणि प्रस्ताव तिथेच विरला. या चार-पाच वर्षांच्या रखडपट्टीत खेळाडूंचे मात्र भले झाले. एनबीएतला सरासरी पगार १९६७ मध्ये २० हजार डॉलरच्या घरात होता, १९७५ पर्यंत तो लाखाच्या पुढे गेला. दोन्ही लीगच्या संघांत हंगामापूर्वी सराव सामने होत, त्यांत एबीएने ७९ जिंकले आणि ७६ गमावले. खेळात ती कमी नव्हती. कमी होता तो पैसा.

हायानिस

१९७५-७६ चा हंगाम म्हणजे ओसरत्या घरातली पंगत. मेम्फिसचा संघ बाल्टिमोरला गेला आणि तीन सराव सामने खेळून हंगामाआधीच बंद पडला. सॅन डिएगोने ११ सामन्यांनंतर दुकान आवरले. थेट शाळेतून मोझेस मलोनला उचलणाऱ्या युटा स्टार्सने १६ नंतर, डिसेंबरच्या सुरुवातीला. उरले सात. जानेवारीत डेन्व्हरला ऑल-स्टार सामना ठरला, तेव्हा दोन गट पाडण्याइतके संघही नव्हते. म्हणून डेन्व्हर नगेट्स विरुद्ध बाकी सगळे. घर भरायला गायक ग्लेन कॅम्बेल आणि चार्ली रिच बोलावले आणि मध्यंतरात चेंडू ठोकण्याची स्पर्धा ठेवली. अर्विंग धावत आला, फ्री-थ्रोच्या रेषेवरून उडाला आणि थेट रिंगवर उतरला. आज दरवर्षी टीव्हीवर दिसणारी ती स्पर्धा मुळात तिकिटे खपवण्यासाठीची क्लृप्ती होती.

१३ मे १९७६ ला नेट्सने डेन्व्हरला ११२-१०६ हरवून शेवटचे विजेतेपद मिळवले. त्याच सुमारास व्हर्जिनिया स्क्वायर्सला लीगची ७५ हजार डॉलरची वर्गणी भरता आली नाही, म्हणून तो संघ बरखास्त झाला. रॉबर्टसन दाव्यात तडजोड होऊन विलीनीकरणाची वाट मोकळी झाली होती. १७ जून १९७६ ला मॅसॅच्युसेट्समधल्या हायानिस या समुद्रकाठच्या गावी, एका रिसॉर्टमध्ये कागदांवर सह्या झाल्या. बाहेर राहणाऱ्यांना तिथे भरपाई मिळाली. व्हर्जिनियाच्या मालकांनी कुठून तरी ७५ हजार उभे केले असते तर तेही त्या टेबलाशी बसले असते.

एनबीएने चारच संघ घेतले: डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क नेट्स, सॅन अँटोनियो. प्रत्येकाने ३२ लाख डॉलर भरायचे, तीन वर्षे टीव्हीच्या पैशांतला वाटा मागायचा नाही, त्या वर्षीच्या कॉलेज खेळाडूंच्या निवडीत बसायचे नाही. नेट्सच्या डोक्यावर आणखी एक ओझे आले. न्यूयॉर्क निक्सच्या हद्दीत शिरल्याबद्दल त्यांना ४८ लाख. मालक रॉय बो यांच्याकडे एवढी रोकड नव्हती. त्यांनी अर्विंगला ३० लाखांना फिलाडेल्फियाला विकले. एनबीएतल्या पहिल्या हंगामात नेट्स २२ सामने जिंकले, ६० हरले.

केंटकी आणि सेंट लुईस बाहेर राहिले. केंटकीचे मालक जॉन वाय. ब्राऊन हे केंटकी फ्राइड चिकनमुळे गब्बर झालेले. त्यांनी सुमारे ३० लाख रोख घेतले, संघ मोडला आणि त्याच्या निम्म्या पैशांत एनबीएचाच बफलो ब्रेव्ह्ज संघ विकत घेतला. हुशार सौदा, असे तेव्हा सगळे म्हणाले.

चार सप्तमांश

सेंट लुईसचा संघ ओझी आणि डॅनियल सिल्ना या भावांचा. ते पॉलिस्टर कापडाच्या धंद्यातले. कॅरोलिनाचा संघ १९७४ मध्ये घेऊन त्यांनी तो सेंट लुईसला आणला होता. वकील डोनल्ड शुपाक यांच्यासह त्यांनी वेगळेच मागितले. रोख २२ लाख, आणि आत गेलेल्या चारही संघांच्या टीव्ही उत्पन्नातला प्रत्येकी एक सप्तमांश. किती काळ? एनबीए किंवा तिची वारसदार संस्था आहे तोवर. मिळून एका संघाच्या टीव्ही वाट्याचे चार सप्तमांश.

समोरच्यांनी फारसा विचार केला नाही, कारण पहिली तीन वर्षे चौघांना टीव्हीचा वाटा मिळणारच नव्हता. नंतरही त्यात काही जीव असेल असे कुणाला वाटत नव्हते. १९८० च्या अंतिम फेरीचा निर्णायक सहावा सामना सीबीएसने देशाच्या मोठ्या भागात रात्री उशिरा, टेप करून दाखवला, इतकी या खेळाची टीव्हीवर किंमत होती. मग मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड, मायकेल जॉर्डन यांचा जमाना आला, केबल आले, आणि सिल्ना बंधूंचे चेक फुगत गेले. ना संघ, ना मैदान, ना एकाही खेळाडूचा पगार. एनबीएने १९८० च्या दशकात हा करार मिटवायची बोलणी केली, काही लाखांच्या फरकावरून ती फिसकटली. पुढे परदेशी प्रक्षेपण आणि इंटरनेटचे उत्पन्न या करारात येते का, यावरून वाद कोर्टात गेला. जानेवारी २०१४ मध्ये तडजोड झाली आणि एनबीएने त्यांना ५० कोटी डॉलर एकरकमी द्यायचे ठरले. तोवर सुमारे ३० कोटी त्यांच्या हाती आलेलेच होते. ब्राऊन यांची रोकड आता तितकीशी हुशार वाटत नाही.

आत गेलेले, राहून गेलेले

आत गेलेल्यांचेही सोपे नव्हते. जुलै १९७७ मध्ये इंडियाना पेसर्सने जाहीर केले की ८,००० सीझन तिकिटे खपली नाहीत तर संघ राहणार नाही. प्रशिक्षक बॉब लेनर्ड यांच्या पत्नी नॅन्सी यांनी पुढाकार घेऊन टीव्हीवर टेलिथॉन मांडली. रात्रभर फोन वाजत राहिले आणि आकडा ८,०२८ वर थांबला. संघ वाचला.

खेळाच्या बाबतीत एनबीएने हळूहळू सगळेच उचलले. तीन गुणांची बास्केट १९७९ मध्ये, चेंडू ठोकण्याची स्पर्धा १९८४ मध्ये. चेंडूचे रंग तेवढे घेतले नाहीत. भाड्याने आणलेला सॅन अँटोनियोचा संघ पुढे पाच वेळा एनबीए विजेता झाला.

एबीएच्या अनेक खेळाडूंना विलीनीकरणानंतर एनबीएत जागा मिळाली नाही, आणि तिथले पेन्शनही नाही. त्यांतले काही आजारी, काही बेघर असल्याचे कळल्यावर इंडियानापोलिसची ड्रॉपिंग डाइम्स ही संस्था पाठपुरावा करत राहिली. जुलै २०२२ मध्ये एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेने मिळून २ कोटी ४५ लाख डॉलरचा निधी मंजूर केला. तीन किंवा अधिक वर्षे खेळलेले सुमारे ११५ खेळाडू त्याला पात्र ठरले. खेळलेल्या प्रत्येक वर्षामागे त्यांना सरासरी ३,८२८ डॉलर वर्षाकाठी मिळू लागले.